माप सगळ्यांचं, डिझाइन तिघांचं

प्रिय ताई,

आमच्या कॉलेजच्या बॅचला पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. साडेचार महिन्यांनी सगळे एकत्र जमणार आहोत, ९६ जणांनी नक्की येतो म्हणून कळवलंय. आठवण म्हणून सगळ्यांसाठी एकसारखं जॅकेट करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी ग्रुपवर डिझाइनं मागवली, २२ आली. तीनदा मतदान घेतलं, तिन्ही वेळा वेगळंच डिझाइन जिंकलं. कुणाला पाठीवर सगळ्यांची नावं हवीत, कुणाला कॉलेजची इमारत, कुणाला जुन्या फोटोंचं कोलाज. मग मी साइझची यादी ग्रुपवर टाकली आणि प्रत्येकाला आपल्या नावापुढे साइझ लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने ‘माझं जॅकेट नको’ एवढंच लिहिलं. कारण विचारलं तर उत्तर नाही. बॅचमधले चौघे आता हयात नाहीत, त्यांची आठवण यात कशी घ्यावी तेही कळत नाही. शिवून देणारे सगळे पैसे आधीच मागतायत. सुरुवात कुठून करू?

तुमची एक वाचक

*

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डिझाइनचा गोंधळ दिसला. दुसऱ्यांदा त्या मैत्रिणीच्या तीन शब्दांपाशी थांबले.

मला वाटतं, तुमच्या हातून दोन प्रश्नांची अदलाबदल झाली. जे थोड्यांनी मिळून ठरवायचं ते सगळ्यांपुढे मांडलं गेलं, आणि जे प्रत्येकाला एकेकट्याला विचारायचं ते चारचौघांत विचारलं गेलं. डिझाइन तिघांनी ठरवा. माप ९६ जणांना वेगवेगळं विचारा. एवढं सुलट केलंत की बाकीची कामं आपोआप रांगेला लागतील.

आधी मतदान बंद करा. आणखी दहा वेळा घेतलंत तरी दहा निकाल येतील, कारण माणसं डिझाइनला मत देत नाहीत, ते सुचवणाऱ्या मित्राला देतात. तिघं निवडा. एक जण रंगरेषांची नजर असलेला. एक जण हिशेबाला आणि तारखांना पक्का. आणि तिसरा किंवा तिसरी अशी, की जी वर्गात कुठल्याच मोठ्या कंपूत नव्हती. मागच्या बाकावर बसायची, लांबून यायची, तास संपला की निघायची. ही तिसरी व्यक्ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. डिझाइन बघून ‘ही सगळी चौकडी तुमची, यात मी कुठे आहे?’ हा प्रश्न तीच विचारू शकते, आणि तो प्रश्न जॅकेट शिवून यायच्या आधी विचारला गेलेला बरा. ग्रुपवर सांगून टाका की तिघं मिळून एकच डिझाइन आणतील. त्यावर चूक दाखवायची सगळ्यांना मुभा: शुद्धलेखन, नाव, साल. आवडलं-नावडलं मात्र विचारणार नाही. थोडी कुरकुर होईल, दोन दिवसांत थांबेल.

आता डिझाइनबद्दल. अशा कपड्यांचा इतिहास पाहिला तर धीर येतो. ‘ब्लेझर’ हा शब्द केंब्रिजमधल्या सेंट जॉन्स कॉलेजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबच्या लालभडक कोटांवरून रूढ झाला असं मानतात. हा क्लब १८२५ सालचा. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये आपल्या शर्टावर ‘एच’ हे एकच अक्षर लावलं, वार्सिटी जॅकेटवरच्या, म्हणजे कॉलेजच्या संघांच्या जॅकेटवरच्या, मोठ्या अक्षराची गोष्ट तिथून सुरू होते. प्रिन्स्टनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी १९१२ मध्ये चांगल्या कपड्यांवर बिअर सांडू नये म्हणून वरून साधे कपडे चढवले, आणि त्यातूनच पुढे प्रत्येक बॅचने आपलं जॅकेट करायची प्रथा पडली. एक रंग, एक अक्षर, एक साधा वरून घालायचा कपडा. लांबून बघणाऱ्याला ‘ही आपली माणसं’ एवढं कळलं की जॅकेटचं काम झालं. इमारत, कोलाज, नावं आणि घोषवाक्य असं सगळं एकाच पाठीवर मांडलं तर लांबून त्यातलं काहीच दिसत नाही.

कोलाजला मी सरळ नकार देईन. पाठीवर ३० सेंटिमीटर रुंद छपाई स्वच्छ यायची तर चित्र रुंदीला निदान १८०० पिक्सेलचं लागतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या छापील फोटोचा मोबाइलवर काढलेला आणि चार ग्रुपांतून फिरून आलेला फोटो त्याच्या जवळपासही जात नाही. चेहरे धुरकट येतात. आणि फोटोत नसलेल्यांना ते जॅकेट घालताना काय वाटेल, याचा विचार करा. इमारतीचं चित्र चालेल, पण अख्खी इमारत नको. तिच्यातली एक गोष्ट उचला: कमान, जिना, एखादी खिडकी, घड्याळ. ती दोन-तीन रेषांत काढता आली पाहिजे. तुमच्या रंगरेषावाल्याने ती नाण्याएवढी काढून दाखवावी. तेवढ्या आकारात ओळखू आली तर डिझाइन जमलं. वर्गातली टोपणनावं आणि त्या वेळचे विनोद मात्र लांब ठेवा. जे नाव पाच जणांना आठवून हसू येतं, ते सहाव्याने तीन वर्षं निमूट सोसलेलं असू शकतं.

सालाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. बॅचचं साल म्हणजे प्रवेशाचं की पास झाल्याचं? तुमच्यात कुणी थेट दुसऱ्या वर्षाला आलं असेल, कुणाचं एक वर्ष गेलं असेल, कुणी मध्येच कॉलेज सोडलं असेल. पास झाल्याचं साल मोठ्या आकड्यात पाठीवर आलं, की ज्याला पदवी एक वर्षाने मिळाली त्याच्यासाठी तो आकडा पंचवीस वर्षांनी पुन्हा निकाल वाचून दाखवतो. म्हणून मी दोन्ही सालं घेईन, मध्ये छोटी रेघ: पहिला वर्ग भरला ते आणि शेवटचा वर्ग सुटला ते. त्या दोन आकड्यांच्या मध्ये कधीही त्या वर्गात बसलेला प्रत्येक जण त्यात येतो. ‘पंचवीस वर्षं’ असं ठळक लिहायचा आग्रह कुणी धरेल, पण तो मजकूर मेळाव्याच्या फलकावर शोभतो. जॅकेट पुढेही बाजारात, प्रवासात, सकाळी फिरायला जाताना घालायचंय.

नावांची कल्पना मला मनापासून आवडली. फक्त जागा बदला. शंभर नावं पाठीवर घ्यायची म्हणजे २५-२५ च्या चार रांगा. साधारण ३५ सेंटिमीटर उंचीत एका ओळीला दीड सेंटिमीटरही येत नाही. ती वाचायला कुणालातरी तुमच्या पाठीशी अगदी चिकटून उभं राहावं लागेल, आणि तुम्हाला स्वतःला तर ती कधीच दिसणार नाहीत. नावं आत घ्या. जॅकेटच्या आतल्या बाजूला, छातीजवळ, तळहाताहून थोडी मोठी सॅटिनची पट्टी शिवून घ्या आणि तिच्यावर सगळी नावं बारीक अक्षरांत छापा. चेन उघडली की नावं समोर. कुणीतरी ‘अगं, हा आठवतो का?’ म्हणत बोट ठेवेल, ते याच पट्टीवर.

या पट्टीवर हयात नसलेल्या तुमच्या चौघांचीही नावं येऊ द्या. वेगळ्या चौकटीत नको, खाली वेगळी ओळ नको, नावापुढे खूणही नको. हजेरीपटावर ज्या क्रमाने ती यायची त्याच क्रमाने, इतरांच्या मध्ये. छापण्याआधी त्यांच्या घरी एकदा फोन करा, म्हणजे पुढे कुणाकडून अचानक कळून त्यांना धक्का बसणार नाही. घरच्यांना त्यांच्या नावाचं जॅकेट हवं आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. एखादी आई हो म्हणेल, एखाद्याला ते घरात नको वाटेल. दोन्ही ऐकून घ्या.

नावाचं आणखी एक. लग्नानंतर कित्येक मैत्रिणींची नावं-आडनावं बदलली असतील, काहींनी पुन्हा बदलून घेतली असतील, काहींना जुनं नावच जवळचं वाटत असेल. यादी जुन्या हजेरीपटावरून उतरवू नका आणि फोनमध्ये सेव्ह केलेल्या नावांवरूनही नको. ‘तुझं नाव कसं छापू?’ असं प्रत्येकाला विचारा. मापाचा निरोप पाठवाल त्यातच हा प्रश्न घाला. छातीवर प्रत्येकाचं वेगळं नाव काढायचा मोह मात्र टाळा. तसं केलं की एकाचं जॅकेट दुसऱ्याला देता येत नाही, आणि ऐनवेळी मापांची अदलाबदल करायची तर तीच सोय लागते.

कापडाबद्दल बोलताना मला माझा स्वतःचा अनुभव सांगावा लागेल. आमच्या वर्गाचं जॅकेट मीच करवून घेतलं होतं. अंग गडद मरून, बाह्या पांढऱ्या. नमुना पाहून आम्ही सगळे हरखलो होतो. मेळावा छान झाला. दुसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले. पहिल्याच धुण्यात मरून रंग सुटला आणि बाह्या गुलाबी झाल्या. शिवून देणाऱ्याचं म्हणणं, तुम्ही गरम पाण्यात धुतलं असेल. आमच्याकडे लेखी काहीच नव्हतं, आणि नमुना आम्ही एकदाही पाण्यात घातला नव्हता. बहुतेकांनी ती जॅकेटं पुन्हा अंगात घातली नाहीत. ज्यांनी ओढाताण करून पैसे भरले होते त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

म्हणून हे नीट ऐका. नमुना हाती आला की फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी त्याची छाती, लांबी आणि बाही मोजून लिहून ठेवा. मग घरी धुता तसा दोनदा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. सुती फ्लीस, म्हणजे आतून लव असलेलं कापड, तीन ते पाच टक्के आटू शकतं. ७० सेंटिमीटर लांबीचं जॅकेट दोन-तीन सेंटिमीटरने आखूड झालं तर कमरेला लगेच जाणवतं. आटलं तर कापड आधी आटवून घ्यायला सांगा किंवा कापणीतच तेवढं वाढवून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद भाग जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर गडद आणि पांढरा हा जोड सोडा, किंवा सगळं जॅकेट एका रंगाचं करा. एकरंगी जॅकेट मला तरी जास्त आवडतं.

कोणतं कापड घ्यायचं ते जमण्याच्या वेळच्या हवेवर ठरवा आणि त्यानंतर लोक ते कुठे घालतील त्यावर. कापडाचा जाडपणा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. फ्लीस २८० ते ३२० जीएसएमचं घेतलं तर अंगाला ऊब देतं आणि आकार धरून राहतं. हवा फार थंड नसेल तर टेरी घ्या, म्हणजे आतून लव नसलेलं, बारीक फासे असलेलं कापड, २५० च्या आसपास. लोकरी अंगाचं आणि चामडी बाह्यांचं खरंखुरं वार्सिटी दिसायला देखणं, पण ते घरी धुता येत नाही, वजनदार असतं आणि अनेकांना टोचतं. पातळ नायलॉनचं विंडचीटर पावसासाठी करायचं असेल तर त्यावर एम्ब्रॉयडरी नको. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येतं.

छपाई की एम्ब्रॉयडरी, यावर तुमच्या तिघांचा वाद होईल. माझं मत: छातीवर लहान खूण एम्ब्रॉयडरीची, पाठीवर मोठं काही हवंच असेल तर छपाई किंवा कापडी अक्षरं कापून शिवलेली. पाठीवर ३० सेंटिमीटरचं चित्र दोऱ्याने भरून काढलं की हजारो टाके पडतात, मागे लावलेल्या जाड अस्तरामुळे तो भाग पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि मऊ कापड भोवती गोळा होतं. खुर्चीला टेकलं की टोचतं. एम्ब्रॉयडरीचा खर्च टाक्यांच्या संख्येवर ठरतो आणि स्क्रीन छपाईचा रंगांच्या संख्येवर, कारण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन बनवावी लागते. दोन रंगांत बसणारं डिझाइन दोन्हीकडे वाचवतं. पॉलिएस्टरच्या लाल किंवा मरून कापडावर पांढरी छपाई करणार असाल तर आधी विचारा की शाई कोणती वापरणार. नेहमीची प्लॅस्टिसॉल शाई पक्की करायला १६० अंशांच्या आसपास तापवतात. त्या उष्णतेने कापडाचा रंग उसळून शाईत शिरतो आणि पांढरी अक्षरं चार दिवसांत गुलाबी दिसू लागतात. कमी तापमानाला पक्की होणारी शाई किंवा खाली रंग अडवणारा थर, यातलं एक हवंच. जॅकेटला आत अस्तर असेल तर एम्ब्रॉयडरी अस्तर जोडण्याआधी करायला सांगा, नाहीतर टाके आतून दिसतील.

देवनागरी अक्षरं काढणार असाल तर दुप्पट डोळे लावा. एम्ब्रॉयडरीत पाच मिलिमीटरपेक्षा बुटकं अक्षर वाचता येत नाही, आणि आपल्या लिपीत तर वेलांटी, रफार, उकार यांना वर-खाली वेगळी जागा लागते. मी देवनागरी अक्षर आठ-दहा मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. जोडाक्षर जितकं कमी तितकं बरं. ‘द्य’ आणि ‘ष्ट्र’ यांच्या पोटातल्या फटी दोऱ्याने बुजतात. शिवाय शिवणाऱ्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, आणि लिपी न येणाऱ्या कारागिराला ते कळायचं काही कारण नाही. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका. अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करून व्हेक्टर फाइल द्या, एसव्हीजी किंवा पीडीएफ, आणि ती पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नमुन्यावरचा मजकूर अशा माणसाला वाचायला द्या ज्याने तो आधी एकदाही पाहिलेला नाही. आपण शंभरदा पाहिलेल्या शब्दातली चूक आपल्याला दिसत नाही.

रंगही मोबाइलच्या पडद्यावर ठरवू नका. दोऱ्याचं आणि कापडाचं शेडकार्ड हातात घ्या, एकदा उन्हात आणि एकदा घरातल्या दिव्याखाली एकमेकांशेजारी धरून बघा. दिव्यात जुळलेले दोन निळे उन्हात वेगळे पडतात. कॉलेजचा नेमका तोच रंग हवा म्हणून कापड खास रंगवून घ्यायचं म्हटलं तर गिरण्या शंभर जॅकेटांना पुरेल एवढं थोडं कापड सहसा रंगवून देत नाहीत. तयार रंगांतला जवळचा घ्या. कॉलेजचं बोधचिन्ह वापरणार असाल तर लेखी परवानगी आणि त्यांच्याकडची मूळ फाइल, दोन्ही आजच मागा. ते चिन्ह संस्थेच्या मालकीचं असतं, आणि परवानगीचं पत्र कधीकधी महिनाभर टेबलावर पडून राहतं.

आता माप. इथे मला जास्त बोलायचंय.

‘साइझ कोणती?’ हा प्रश्नच विचारू नका. एम, एल, एक्सएल ही मापं नाहीत. एका ठिकाणचं एल दुसऱ्या ठिकाणी एमएवढं निघतं. आणि ते अक्षर चारचौघांत लिहिणं अनेकांना जड जातं. काही जण कॉलेजच्या वेळची साइझ लिहितात, काही जण खरी लिहून दिवसभर अस्वस्थ असतात, आणि काही जण जॅकेट नको म्हणतात. ग्रुपवरची ती यादी काढून टाका, काही न बोलता. मग प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवा. त्यात लिहा: घरातलं तुला नीट बसणारं, चेन लावून घालता येणारं एखादं जॅकेट टेबलावर सपाट पसर. चेन लाव. एका काखेखालच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेखालच्या शिवणीपर्यंत टेप धर आणि तो आकडा मला सेंटिमीटरमध्ये कळव. त्याची दुप्पट म्हणजे जॅकेटचा छातीचा घेर. सोबत खालच्या कडेची रुंदी आणि मानेच्या मागच्या शिवणीपासून खालपर्यंतची लांबी. माणूस इथे कपडा मोजतो, स्वतःला नाही. एवढ्याने संकोच निम्म्याहून कमी होतो, आणि आकडाही जास्त खरा येतो.

जॅकेटच नसेल त्याने अंगाचं छातीचं माप द्यावं. त्यात आपण १० ते १५ सेंटिमीटर मिळवायचे, आत शर्ट-स्वेटर राहायला आणि हात हलायला ती जागा लागते. कुणी कपड्याचं माप दिलंय आणि कुणी अंगाचं, हे यादीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. हे दोन आकडे एकत्र मिसळले की दहा-बारा जॅकेटं हमखास तंग होतात. खालच्या कडेचं माप याचसाठी, की पंचेचाळिशीनंतर छातीला बसणारं जॅकेट पोटावर किंवा नितंबांवर अडतं. दोन साइझच्या मध्ये माप आलं तर मोठी. स्त्रियांसाठी वेगळी बेतणी मिळत असेल तर घ्या, पण कुणाला पुरुषी बेतणीचं सैल जॅकेट आवडत असेल तर तीही मोकळीक ठेवा.

शिवून देणाऱ्याकडून प्रत्येक साइझचं एकेक साधं जॅकेट मागून घ्या, काही न छापलेलं. याला साइझ सेट म्हणतात, चांगले लोक देतात. साइझची रांग एक्सएसपासून फोर एक्सएलपर्यंत तरी असू द्या, आणि त्याहून मोठं माप आलं तर तेही त्याच कापडात, त्याच दिवशी शिवून मिळेल हे ऑर्डर देतानाच ठरवा. ‘माझ्या मापाचं मिळत नसेल ना?’ असं कुणालाही विचारावं लागू नये. बॅचमध्ये कुणी चाकाची खुर्ची वापरत असेल तर त्यांच्यासाठी लांबी आखूड आणि बाही थोडी लांब करून घ्या. बसल्यावर पाठीमागचं जास्तीचं कापड बोचतं. कुणाच्या बोटांत जोर नसेल तर चेनला मोठी कडी लावता येते. हे सगळं त्याच खासगी निरोपाच्या शेवटी एका ओळीत विचारा: जॅकेटमध्ये तुला काही वेगळं हवंय का?

९६ ची ऑर्डर देऊ नका, १०४ ची द्या. वरची आठ मधल्या आणि मोठ्या साइझमध्ये. येत नाही म्हणालेले तीन-चार जण शेवटच्या आठवड्यात येतात, आणि दोन-तीन मापं चुकतातच.

तुमच्याकडे साधारण १९ आठवडे आहेत. पुरेसे आहेत, फक्त वाया घालवायला नाहीत. तीन आठवडे डिझाइन आणि परवानगी, तीन नमुना आणि धुणं. मापं याच सहा आठवड्यांत बाजूला चालू राहतील. एक आठवडा नमुन्यातल्या दुरुस्त्यांना, सहा शिवायला. माल मेळाव्याच्या तीन आठवडे आधी तरी तुमच्या हातात हवा. उरलेले तीन आठवडे त्यांच्या उशिराला, पण ते त्यांना सांगू नका.

सगळे पैसे आधी देऊ नका. काही ऑर्डरबरोबर, काही नमुना मंजूर झाल्यावर, उरलेले माल मोजून-तपासून घेतल्यावर. मंजूर नमुन्यावर दोघांच्या सह्या, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. कापडाचं जीएसएम, रंगाचा नंबर, साइझप्रमाणे नग, तारीख आणि खराब निघालेले नग कोण बदलून देणार, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. ते याला तयार नसतील तर दुसरे बघा. बॅचमधून पैसे गोळा करताना प्रत्येकी थोडी रक्कम जास्त धरा आणि ज्यांना जमणार नाही त्यांची जॅकेटं त्यातून करा. ती नावं फक्त हिशेबवाल्याला माहीत असावीत. कुणाचे पैसे आले नाहीत याची यादी ग्रुपवर कधीच टाकू नका.

आता तुमची मैत्रीण. ती का नको म्हणाली ते मला ठामपणे सांगता येणार नाही. साइझ असेल, पैसे असतील, त्या वर्गाबद्दलची एखादी आठवण असेल. कारण पुन्हा विचारू नका. तिला फोन करा आणि सांगा की ती यादी उघड्यावर टाकायला नको होती, ती आता काढली आहे. एवढंच. जॅकेट घेच असा आग्रह नको. तिचं नाव आतल्या पट्टीवर येणारच आहे, जॅकेट घेवो न घेवो. ते कसं छापायचं तेवढं विचारा. साइझ सेट आला की तो घेऊन तिच्याकडे जा, बाकी कुणाला बरोबर न नेता, आणि पिशवी तिच्याजवळ ठेवून तुम्ही दुसऱ्या खोलीत चहाचं बघा. तिने एखादं घालून पाहिलं तर त्याच्या कॉलरमधली साइझ तुमच्या वहीत लिहा. नाही पाहिलं तरी त्या आठ जास्तीच्या जॅकेटांतलं एक, तिला बसेल असं तुम्हाला वाटतं त्या मापाचं, मेळाव्याच्या दिवशी तुमच्या पिशवीत असू द्या.

तुमची
ताई